माझ्याच हातचा आकडा खोटा, मग भावाला काय सांगू?

प्रश्न: मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातल्या किती मुलांना वाचता येतं, किती जणांना साधी वजाबाकी जमते, याचा तक्ता दर महिन्याला वर पाठवावा लागतो. मुख्याध्यापकांचं सांगणं एकच असतं, मागच्या महिन्यापेक्षा आकडा खाली जाता कामा नये. सगळे तसंच भरतात, मीही भरते. माझ्या धाकट्या भावाचा सरकारी आकड्यांवर काडीचा विश्वास नाही. त्याने मुलीची गोवराची लस लांबवली आहे. लस सुरक्षित असल्याचे आकडेसुद्धा कुणीतरी कार्यालयात बसून तयार केले असणार, असं तो म्हणतो. मी समजवायला गेले तर म्हणाला, "ताई, तू स्वतः काय भरतेस ते आधी सांग." मी गप्प बसले. भावजय घाबरली आहे. तिला लस द्यायची आहे, पण ती त्याच्यापुढे बोलत नाही. भावाला काय सांगू? आणि रोज जे पाहते त्यानंतर मी तरी कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवू?
— एक शिक्षिका

उत्तर:

बाई,

आधी भाचीचं बोलू. बाकी सगळं थोडं थांबू शकतं, गोवर थांबत नाही. गोवर झालेला माणूस खोलीतून निघून गेल्यावरही तिथल्या हवेत तो विषाणू दोन तासांपर्यंत टिकू शकतो. ज्यांना लस मिळालेली नाही आणि पूर्वी गोवर झालेला नाही अशा लोकांमध्ये एक रुग्ण सरासरी 12 ते 18 जणांना हा आजार देतो. तेव्हा आधी आकड्यांचा वाद जिंकायचा आणि मग लस, असा क्रम लावू नका. भाऊ, भावजय आणि मुलगी, तिघांना घेऊन तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. भावाचा आकड्यांवर विश्वास नसेल, पण मध्यरात्री मुलीला ताप चढला तर तो कुणाला तरी फोन करतच असेल. त्याच माणसासमोर बसून त्याने आपल्या सगळ्या शंका मांडाव्यात. तुम्ही तिथे शक्य तितकं कमी बोला, म्हणजे भावजयीला बोलायला जागा मिळेल. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल फार थोडं आहे, पण या सगळ्यात सर्वांत जास्त घुसमट तिचीच होत असणार.

आता तुमच्या गप्प बसण्याबद्दल. भावाने बोट दाखवलं ते खऱ्या जागेवर दाखवलं, म्हणून तुम्हाला उत्तर सुचलं नाही. त्याबद्दल स्वतःला दोष देत बसू नका. "नाही रे, आमचे तक्ते खरे असतात" असं तुम्ही म्हणाला असतात तर त्याने पुढचं काहीच ऐकलं नसतं.

तुमच्या शाळेत जे चालतं ते जगभर चालतं. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकातच हे लिहून ठेवलं आहे. एखाद्या आकड्यावरून जितके जास्त निर्णय घेतले जातील, तितका तो आकडा बिघडवण्याचा दबाव वाढतो, आणि ज्या कामाचं मोजमाप करायचं होतं ते कामही त्यासोबत बिघडतं. अमेरिकेतल्याच अटलांटा शहराच्या शाळांमध्ये पुढे हेच झालं. मुलांचे गुण वर्षागणिक वाढत होते. शहराच्या शिक्षणप्रमुखांना 2009 मध्ये देशातल्या सर्वोत्तम अधीक्षक म्हणून गौरवण्यात आलं. 2011 मध्ये राज्य सरकारच्या चौकशीचा अहवाल आला. 44 शाळांमध्ये गैरप्रकार आढळले होते आणि 178 शिक्षक व मुख्याध्यापकांचा त्यात हात असल्याचं अहवालात म्हटलं होतं. मुलांनी चुकीची लिहिलेली उत्तरं मोठ्या माणसांनी पुसून बरोबर केली होती. चौकशी करणाऱ्यांनी कारणही लिहिलं आहे. उद्दिष्ट गाठलं नाही तर अपमान, बदली, नोकरीवर गदा, आणि तोंड उघडलं तर सूड. 2015 मध्ये त्यातल्या 11 जणांना न्यायालयाने दोषी ठरवलं. त्या शिक्षकांपैकी बहुतेकांनी पहिल्या वर्षी फार मोठं काही केलं नसेल. "मागच्या वेळेपेक्षा कमी नको" एवढ्यावरच ते सुरू झालं असणार, कारण एकदा फुगवलेला आकडा पुढच्या वर्षीचा पाया होतो आणि खऱ्यावर परतायची वाट दर वर्षी अवघड होत जाते. तुमचा मासिक तक्ता याच वाटेवर आहे, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं.

आरोग्याच्या आकड्यांतही हेच आहे, आणि तेही लसीकरणाच्या. भावापासून हे लपवू नका. 'गावी' ही गरीब देशांना लसीकरणासाठी निधी देणारी आंतरराष्ट्रीय संस्था एका योजनेत प्रत्येक जादा मुलामागे देशाला 20 डॉलर देत होती. 2008 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या योजनेची तपासणी प्रसिद्ध झाली. देशांनी अधिकृतपणे कळवलेल्या आकड्यांवरून 1 कोटी 39 लाख जादा मुलांना लस मिळाल्याचं दिसत होतं. घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्यांवरून हिशेब केला तेव्हा ती संख्या 74 लाखांच्या आसपास निघाली. मुलामागे पैसे ठेवले की कागदावरची मुलं वाढतात.

पण ही फुगवाफुगवी उघडी कशी पडली तेही पाहा. दुसऱ्या कुणीतरी, ज्याला त्या 20 डॉलरशी काही देणंघेणं नव्हतं, आयांना घरी जाऊन विचारलं आणि मोजलं. अटलांटातही तसंच झालं. तिथल्या वर्तमानपत्राने गुणांमधल्या अशक्य वाटणाऱ्या उड्या शोधल्या, आणि मग उत्तरपत्रिका वाचणाऱ्या यंत्रांच्या मदतीने कुठल्या वर्गात चुकीची उत्तरं पुसून बरोबर केल्याच्या खुणा किती आहेत हे मोजलं गेलं. काही वर्गांत त्या खुणा इतक्या जास्त होत्या की मुलांनी त्या आपणहून केल्या असणं शक्यच नव्हतं. दोन्ही ठिकाणी खोटा आकडा पकडला तो दुसऱ्या आकड्यानेच. सगळे आकडे खोटे असतात असं ठरवून टाकलं तर हे हत्यारच आपण टाकून देतो. जिथे मोजणीच कुणी मानत नाही, तिथे ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं.

तुमचा दुसरा प्रश्न, मी कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवू, त्याचं उत्तर मला इथूनच सुरू करावंसं वाटतं. तुमच्याकडे एक जाण आहे जी बहुतेक वाचकांकडे नसते. आकडा जन्माला येतो ती जागा तुम्ही पाहिली आहे. तुमच्या तक्त्यात मोजणारं कोण? तुम्ही. त्यावरून कुणाचं मूल्यमापन होतं? तुमचंच, आणि तुमच्या मुख्याध्यापकांचं. खोटं भरलं तर हरकत घेणारं कुणी आहे का? नाही, कारण ज्या मुलाच्या नावापुढे खूण झाली त्याच्या आईवडिलांना तो तक्ता कधी दिसतच नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्या की आकडा सडतो, मग तो कुठल्याही खात्याचा असो. समोर येणाऱ्या कुठल्याही आकड्याला हेच विचारा. कुणी मोजलं, मोजणाऱ्याचं त्यात काय अडकलं होतं, आणि खोटं असतं तर बोंब मारायला कुणी होतं का?

मृत्यूच्या नोंदीचं उदाहरण घ्या. माणूस गेला की घरच्यांना दाखला लागतो. वारसा, विमा, निवृत्तिवेतन, बँक, सगळीकडे तो मागतात. नोंद झाली नाही तर अडचण घरच्यांची होते, म्हणून ते मागे लागून ती करून घेतात. सगळीकडे, सगळ्यांची नोंद होते असं अजिबात नाही, गरिबांचे आणि बायकांचे मृत्यू जास्त निसटतात. तरी या आकड्याच्या मागे खरं लिहून घ्यायला कुणीतरी उभं असतं. मृत्यूचं कारण हा मात्र वेगळा रकाना. त्यात काय लिहिलं गेलं याने रुग्णालयाचं आणि सरकारचं बरंवाईट होतं.

कोविडच्या काळात भारतात या दोन रकान्यांमधलं अंतर दिसलं. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज मांडला की 2020 आणि 2021 या दोन वर्षांत देशात नेहमीच्या अपेक्षेपेक्षा सुमारे 47 लाख जास्त मृत्यू झाले. 2021 अखेरपर्यंत अधिकृत कोविड मृत्यू 4.8 लाखांच्या आसपास होते. सरकारने त्या पद्धतीवर कडक आक्षेप घेतला. मग मे 2025 मध्ये सरकारच्याच नागरी नोंदणी व्यवस्थेचा 2021 चा अहवाल आला. 2020 मध्ये देशात सुमारे 81 लाख मृत्यूंची नोंद झाली होती, 2021 मध्ये ती 1 कोटी 2 लाखांवर गेली. एका वर्षात 21 लाखांची वाढ. तिचा काही भाग नोंदणी सुधारल्यामुळे असेल, आणि प्रत्येक जादा मृत्यू कोविडचाच असेल असंही नाही. पण इतकी मोठी उडी केवळ नोंदणी सुधारल्याने आली असं म्हणणं मला पटत नाही. ज्यांच्या घरातली माणसं त्या वर्षी गेली आणि दाखल्यावर दुसरंच कारण आलं, त्यांचा अविश्वास हा काही अडाणीपणा नव्हता. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि त्यांच्या बाजूने शेवटी उभा राहिला तोही सरकारी आकडाच, फक्त दुसऱ्या दारातून आलेला.

म्हणून "सरकारी आकडा" असा एक गठ्ठा करू नका. एका सरकारात शेकडो मोजणारे असतात, आणि प्रत्येकाच्या डोक्यावरची टांगती तलवार वेगळी असते. कुणाच्या डोक्यावर ती नसतेही.

शिक्षणातलंही एक सांगते, ते तुमच्या कामाला अगदी जवळचं आहे. 'असर' ही पाहणी 2005 पासून भारताच्या ग्रामीण भागात होते. तिचे कार्यकर्ते मुलांना शाळेत न भेटता घरी भेटतात, एकेकाला समोर बसवून दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात, आणि त्यावरून कुठल्याही एका शिक्षकाचा निकाल लागत नाही. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी तो उतारा वाचू शकणारी मुलं 2018 मध्ये 20.9 टक्के होती, 2022 मध्ये 16.3 टक्के, आणि 2024 मध्ये 23.4 टक्के. शाळा बंद राहिल्या तेव्हा आकडा पडला, मग वर आला. या पाहणीच्याही मर्यादा आहेत, शहरं तिच्यात नाहीत. पण खाली येऊ शकणारा आकडा मला जास्त विश्वासाचा वाटतो. तुमच्या शाळेचा तक्ता कधीच खाली येत नाही, आणि त्यावरून मुलांबद्दल काहीच कळत नाही.

भावाला मात्र आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आकडे खोटे मानून सोडून दिल्याने माणसं मेल्याचीही उदाहरणं आहेत, आणि काही वेळा ते सोडून देणारे सामान्य लोक नव्हते, अधिकारी होते. इंग्लंडमध्ये मिड स्टॅफर्डशायर नावाच्या सरकारी रुग्णालय संस्थेत 2005 ते 2009 या काळात रुग्णांचे अतोनात हाल झाले. पाण्याविना, मलमूत्रात पडून राहिलेल्या रुग्णांच्या कहाण्या नंतरच्या चौकशीत नोंदल्या गेल्या. 2007 मध्येच एक आकडा प्रसिद्ध झाला होता. रुग्णांचं वय आणि आजार लक्षात घेऊन 100 मृत्यू अपेक्षित असतील तिथे या रुग्णालयात 127 होत होते. हा आकडा एकटा काही सिद्ध करत नाही, पण आत जाऊन पाहायला तो पुरेसा होता. रुग्णालयाच्या वरिष्ठांनी काय केलं? आजारांच्या नोंदी नीट भरल्या जात नाहीत म्हणून आकडा फुगलेला दिसतो, असं म्हणून ते नोंदी सुधारायला लागले. वॉर्डात काय चाललं आहे हे बघायला हवं होतं. रुग्णांचे नातेवाईक ओरडत होते, आकडाही तेच सांगत होता, आणि दोघांनाही बाजूला सारलं गेलं. 2013 च्या सार्वजनिक चौकशीच्या अहवालात हे सगळं तपशिलाने आलं आहे. मला या प्रकरणात सर्वांत जास्त चीड याचीच येते. आकडा गैरसोयीचा झाला की "आकड्यांवर काय विश्वास ठेवायचा" हे वाक्य सत्तेत बसलेल्यांनाही तितकंच सोपं पडतं. भावाला वाटतं अविश्वास म्हणजे सत्तेला विरोध. बऱ्याचदा त्याने सत्तेचीच सोय होते.

आता लशीच्या आकड्यांकडे येते. तुमच्या तक्त्यावरून भाऊ थेट लशीच्या सुरक्षिततेवर उडी मारतो, आणि तिथे तो चुकतो. किती मुलांना लस दिली हा आकडा तुमच्या तक्त्यासारखा आहे, देणाऱ्याचं त्यात बरंच अडकलेलं असतं, तो फुगू शकतो, फुगलेलाही आहे. लस सुरक्षित आहे का, याचा आकडा वेगळ्या रीतीने येतो. 1998 मध्ये ब्रिटनमधल्या एका डॉक्टरने फक्त 12 मुलांवरून या लशीचा आणि स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) संबंध सुचवला. तो लेख 2010 मध्ये मागे घेण्यात आला आणि त्या डॉक्टरचं नाव वैद्यकीय नोंदणीतून काढलं गेलं. मधल्या काळात अनेक देशांत हा संबंध शोधला गेला. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा क्रमांक असतो, लशीची आणि आजारांची नोंद त्या क्रमांकाला जोडलेली असते. तिथे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 6 लाख 57 हजारांहून जास्त मुलांच्या नोंदी पाहिल्या. लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचं प्रमाण जास्त आढळलं नाही. हे मोजणाऱ्यांना तुमच्या देशातल्या कुठल्याही अधिकाऱ्याची मर्जी सांभाळायची नव्हती. वेगवेगळी सरकारं, एकमेकांशी न पटणारे देश, वेगवेगळ्या पद्धती, आणि उत्तर मात्र एकच. हे जुळवून आणायला किती देशांतल्या किती माणसांनी गप्प राहावं लागेल, याचा भावाने शांतपणे विचार करावा. एका शाळेतली गोष्टसुद्धा गुप्त राहत नाही, तुम्ही न सांगताही ती त्याला कळलीच.

सामोआचंही त्याला सांगा, पण धाक दाखवायला नको. हा प्रशांत महासागरातला सुमारे 2 लाख वस्तीचा देश. जुलै 2018 मध्ये तिथे लस दिल्यानंतर दोन बाळं दगावली. परिचारिकांनी लशीची भुकटी पाण्याऐवजी चुकून स्नायू सैल करणाऱ्या औषधात कालवली होती. लशीचा दोष नव्हता, पण आईबापांचा विश्वास उडाला, आणि तो का उडू नये? दोन बाळं गेली होती. लसीकरण काही महिने बंद ठेवलं गेलं. आधीच कमी होत चाललेलं प्रमाण त्या वर्षी 31 टक्क्यांच्या आसपास आलं. 2019 च्या शेवटी गोवराची साथ आली. 5,700 हून जास्त लोक आजारी पडले, 83 जण गेले, त्यात बहुतेक पाच वर्षांखालची मुलं होती. डिसेंबरमध्ये सरकारने दोन दिवस सगळे व्यवहार बंद ठेवले, लस न मिळालेल्या घरांनी दारावर लाल कापड बांधायचं आणि पथकांनी घरी येऊन लस द्यायची अशी मोहीम काढली. या गोष्टीतल्या आईबापांना मी मूर्ख म्हणणार नाही, तुमच्या भावालाही म्हणत नाही. अविश्वासाला कारण होतं. पण गोवर ते कारण विचारत नाही.

भावाशी बोलताना सुरुवात तुमच्या तक्त्यापासून करा. "तू विचारलंस त्याचं उत्तर देते. हो, मी आकडे वाढवून लिहिते. का लिहिते तेही ऐक." एवढं मोकळेपणाने सांगितलंत की तुमच्या दोघांमधला ताण निम्मा होईल, आणि त्याच्या मनातलं "ताई माझ्यापासून लपवते" हे जाईल. मग त्याला विचारा, "कुठल्या प्रकारचा पुरावा तुला पटेल?" याचं उत्तर त्याच्याकडे असेल तर पुढे बोलता येईल. "कुठलाच नाही" असं तो म्हणाला, तर त्याची अडचण आकड्यांची नाही. भीती असेल, पूर्वी रुग्णालयात आलेला एखादा वाईट अनुभव असेल, मुलीच्या बाबतीत आपल्या हातून काही चुकेल ही धास्ती असेल. ते ऐकून घ्या. सरकारची वकिली तुमच्याकडे नाही, ती घेऊही नका.

राहिला तुमचा तक्ता. तुम्ही त्याबद्दल सल्ला मागितलेला नाही, पण पत्रातलं सगळ्यात दुखरं ठिकाण तेच आहे असं मला वाचताना वाटलं. "येतं" अशी खूण झालेलं मूल जादा शिकवणीच्या यादीतून निघून जातं. पुढच्या वर्गातल्या शिक्षिकेला त्याच्याबद्दल चुकीचं सांगितलं जातं. त्याला वाचता येत नाही हे मग फक्त त्यालाच माहीत असतं, आणि ते मूल तसंच पुढे सरकत राहतं. आकड्यांवर लोकांचा विश्वास उरेल की नाही हा नंतरचा प्रश्न. आज त्या मुलाचं नुकसान तुमच्या हातून होतं आहे, आणि ते थांबवायला हवं.

कसं थांबवायचं, तर एकदम बंड पुकारून नको. आधी या महिन्यात प्रत्येक मुलाला एकेकटं, इतरांना ऐकू जाणार नाही असं बसवा आणि न पाहिलेला छोटा उतारा वाचायला द्या. कोण अडखळतं, कुठे अडखळतं, तारखेसकट स्वतःच्या वहीत लिहा. ही वही शिकवण्यासाठी आहे, कुणाला दाखवण्यासाठी नाही. मग शाळेतल्या ज्या सहकाऱ्यांना हे खुपतं त्यांच्याशी बोला. असे एकदोघे तरी असतातच, फक्त आधी कुणी बोलत नाही. मुख्याध्यापकांकडे एकट्या जाऊ नका.

त्यांच्यापुढे मांडायला एक रस्ता आहे, आणि तो चांगल्या सांख्यिकी कार्यालयांचा नेहमीचा रिवाज आहे. मोजण्याची पद्धत बदलली की ती कार्यालयं आकड्यांखाली तशी टीप देतात, आणि आधीच्या आकड्यांशी थेट तुलना करू नये असं स्पष्ट लिहितात. तुमच्या तक्त्याखालीही लिहिता येईल, "या महिन्यापासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र वाचन तपासणी करून नोंद केली आहे, आधीच्या महिन्यांशी तुलना करू नये." आकडा खाली जाईल, पण तो कुणाच्या नाकर्तेपणाने गेला असं दिसणार नाही. मुख्याध्यापकांनाही वर उत्तर द्यायचं असतं. त्यांच्या हातात एक सन्मानाचं वाक्य द्या, बहुतेक माणसं ते घेतात. सोबत ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तुम्ही काय करणार आहात याचं अर्ध्या पानाचं टिपण ठेवा. नुसता पडलेला आकडा वर गेला तर विचारणा होते, योजना सोबत असली तर बहुधा त्या योजनेबद्दल बोलणं होतं.

त्यांनी तरी ऐकलं नाही आणि जुनाच आकडा भरायला सांगितलं, तर ती सूचना लेखी मागा. शांतपणे, आवाज न चढवता. खोटं भरा असं लेखी द्यायला फारच थोडे लोक तयार होतात. बदलीचा, त्रासाचा धोका यात आहे हे मला ठाऊक आहे. घर तुमच्या पगारावर चालत असेल तर किती पुढे जायचं ते तुम्हीच ठरवा, मी लांब बसून तुम्हाला शौर्य शिकवणार नाही. निदान तुमच्या वहीतली नोंद खरी ठेवा आणि ज्या मुलाच्या नावापुढे खोटी खूण झाली आहे त्याला रोजचा थोडा जादा वेळ द्या. अटलांटातल्या शिक्षकांना वाटत होतं की सगळेच करतात, तर आपल्याला कोण विचारणार. विचारणारे आले तेव्हा प्रत्येकाला एकेकट्यानेच उत्तर द्यावं लागलं. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. नाही म्हणण्याचा धोका तुम्हाला रोज दिसतो, हो म्हणण्याचाही असतो, तो दिसत नाही इतकंच.

वर बसलेल्या अधिकाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही एक विनंती. शिक्षिकेने भरलेल्या तक्त्यावरून शिक्षिकेचं मूल्यमापन करणं बंद करा. मूल्यमापन हवंच असेल तर बाहेरचा माणूस पाठवून थोड्या शाळांत, थोड्या मुलांची तपासणी करा, आणि शिक्षिकेचा तक्ता फक्त मुलांना मदत पोहोचवण्यासाठी वापरा. आकडा पडलेल्या शाळेत आधी मदत पाठवा, नोटीस नको. आणि आकडे ठरलेल्या तारखेला, चांगले असोत की वाईट, सगळ्यांना एकाच वेळी खुले करा. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2017 पासून मंत्र्यांना आकडे आगाऊ दाखवणंच बंद केलं. इतरांनाही हे जमण्यासारखं आहे.

बाई, डॉक्टरांची वेळ याच आठवड्यातली घ्या. आणि मुख्याध्यापकांशी बोलणं पुढचा तक्ता मागायच्या आधी उरका. तक्ता टेबलावर आल्यावर कुणालाच ऐकायला वेळ नसतो.